विषाणूच्या पाठीवर जनुक

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला चार वर्षांत एकदा तरी गावाकडून फोन येतोच. "तू मुंबईत आहेस ना? मग काकांना जरा टाटाला दाखवून आण." टाटा म्हणजे परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल, हे वेगळं सांगावं लागत नाही. १९४१ साली सुरू झालेल्या या हॉस्पिटलचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात माहीत आहे, आणि ते कुणी आनंदाने घेत नाही. मग काकांचा मुक्काम लोअर परळला, डिलाईल रोडच्या चाळीतल्या गावच्या खोलीत पडतो. गिरण्या गेल्या, पण काही गावांच्या खोल्या राहिल्या. ज्यांचं असं कोणी नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघतात, आणि तीही नाही मिळाली तर हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी पसरतात. आपण सकाळी फाईल घेऊन लोअर परळहून निघतो, करी रोडचा पूल ओलांडतो, भारतमातापाशी डावीकडे वळतो आणि परळला रांगेत उभे राहतो.

अलीकडे या फोनमध्ये एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "ते कार-टी का काय म्हणतात, पेपरात आलं होतं, ते आपल्याला मिळेल का? आणि एवढे पैसे कशाचे घेतात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरच देऊ शकतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र इंजिनिअरिंगवाल्यांनी द्यायला हवं, कारण ते बरंचसं आपल्या विषयात आहे. बायोटेक सोडून इतर शाखांच्या मित्रांनाही ते समजावं अशा बेताने लिहितो आहे. थोडं गणित येईल, पण बारावीच्या पुढचं नाही.

आधी रोगाकडे बघू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यात बी-पेशी व टी-पेशी असे दोन मोठे गट आहेत. बी-पेशी प्रतिपिंडं तयार करतात. टी-पेशींपैकी काहींचं काम बिघडलेल्या किंवा विषाणूने पछाडलेल्या पेशी शोधून मारणं हे आहे. ब्लड कॅन्सरच्या काही प्रकारांत बी-पेशीच बेलगाम वाढू लागतात. मग टी-पेशी काय करतात? त्या ओळखत नाहीत. गिरणीच्या गेटवरच्या रखवालदाराने आतल्याच माणसाला अडवावं तरी कसं, तसंच हे. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीराची असते, तिच्याकडे आपलाच पास असतो.

पण बी-पेशींच्या अंगावर सीडी१९ नावाचं एक प्रथिन असतं, निरोगी असोत की बिघडलेल्या. टी-पेशीला जर कुणी शिकवलं की 'सीडी१९ दिसलं की मार', तर काम झालं. शिकवायचं म्हणजे टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राहक बसवायचा. बाहेरच्या बाजूला सीडी१९ ला चिकटणारा प्रतिपिंडाचा तुकडा, आतल्या बाजूला टी-पेशीचं इंजिन चालू करणारी जोडणी. या जोडग्राहकाला कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर म्हणतात. त्याची आद्याक्षरं घेऊन 'कार'. असा ग्राहक असलेली टी-पेशी म्हणजे कार-टी. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या झेलिग एशहार यांच्या गटाने १९८९ मध्ये ही कल्पना प्रयोगाने दाखवली. निरोगी बी-पेशीही यात मरतात हे खरं आहे, आणि त्यामुळे नंतर काही रुग्णांना बाहेरून प्रतिपिंडं द्यावी लागतात. पण बी-पेशींवाचून माणूस काढू शकतो, म्हणूनच हे लक्ष्य निवडलं गेलं. प्रत्येक कॅन्सरमध्ये असं सोयीचं लक्ष्य सापडत नाही, आणि फुफ्फुसाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरवर हा उपाय अजून का चालत नाही याचं एक मोठं कारण तेच आहे. काकांना तोंडाचा कॅन्सर असेल तर हा लेख त्यांच्या उपयोगाचा नाही, हे इथेच सांगून टाकतो.

आता मुख्य अडचण. ग्राहक बसवायचा तर त्याचं जनुक टी-पेशीच्या केंद्रकात पोचवून तिथल्या डीएनएमध्ये कायमचं गुंफायला हवं. नुसतं आत ढकलून चालत नाही. पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होते, तेव्हा सुटं पडलेलं जनुक वाटणीत विरळ होत जातं. गुंफलेलं असेल तर प्रत्येक पिलाला त्याची प्रत मिळते. पेशींना विजेचा झटका देऊन त्यांच्या आवरणाला क्षणभर भोकं पाडण्याची रीत आहे, पण तीत पुष्कळ पेशी दगावतात आणि जनुक गुंफण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. हे काम लाखो वर्षं बिनबोभाट करत आलेला एकच कारागीर आहे, तो म्हणजे विषाणू.

आणि टी-पेशीत शिरण्यात सगळ्यात तरबेज विषाणू कुठला? एचआयव्ही. एड्सचा.

हे वाचून वर्गात नेहमी एक दोन जण दचकतात. दचकायला हवंच, म्हणूनच या वाहकाची बांधणी नीट समजून घ्यावी. एचआयव्हीच्या जनुकसंचात साधारण ९,७०० अक्षरं असतात. शास्त्रज्ञांनी त्यातला रोग पसरवणारा भाग काढून टाकला आणि उरलेलं कामाचं सामान चार वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या चार सुट्या गोल तुकड्यांवर, वाटून टाकलं. एकावर विषाणूचा सांगाडा आणि एन्झाइमं बनवण्याची माहिती. दुसऱ्यावर आरएनए केंद्रकाबाहेर काढणारं एक प्रथिन. तिसऱ्यावर बाहेरचं आवरण, आणि तेही एचआयव्हीचं नाही, गुरांना होणाऱ्या तोंडाच्या फोडांच्या एका विषाणूकडून उसनं घेतलेलं. चौथ्यावर आपलं पार्सल, म्हणजे कारचं जनुक, जे जेमतेम दीड हजार अक्षरांचं असतं. विषाणूच्या कणात भरलं जाण्याची खूण फक्त चौथ्या तुकड्यावर ठेवलेली असते. त्यामुळे तयार होणारा कण पार्सल घेऊन निघतो, पेशीत शिरतो, जनुक गुंफतो आणि तिथेच संपतो. स्वतःची नक्कल करण्याची कृती त्याच्यासोबत नसतेच. शिवाय चौथ्या तुकड्याची टोकंही अशी छाटलेली असतात की गुंफण झाल्यावर विषाणूचा मूळ 'स्विच' बंद पडतो. या कुटुंबाला लेंटिव्हायरस म्हणतात आणि अशा छाटलेल्या वाहकाला लेंटिव्हायरल व्हेक्टर.

ही सगळी काटछाट हौसेने केलेली नाही. त्यामागे दुःखाचा इतिहास आहे. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत अशांती डिसिल्व्हा या चार वर्षांच्या मुलीवर पहिली मान्यताप्राप्त जनुकोपचार चाचणी झाली. तिच्याच टी-पेशी काढून, रेट्रोव्हायरसने त्यांत जनुक घालून, तिला परत दिल्या. म्हणजे विषाणूमार्फत रोगप्रतिकारक पेशींत जनुक पोचवणं हाच जनुकोपचाराचा श्रीगणेशा होता. पुढे पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर असाच, पण अस्थिमज्जेतल्या मूळपेशींवर उपचार झाला. मुलं खरोखर बरी झाली. मग २००२ च्या सुमारास त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाला. विषाणूने जनुक गुंफताना ते नेमकं एलएमओ२ नावाच्या, पेशींची वाढ चेतवणाऱ्या जनुकाशेजारी टाकलं होतं आणि विषाणूचा जोरदार स्विच शेजाऱ्यालाही चालू करत होता. टोकं छाटण्याचं महत्त्व त्यानंतर सगळ्यांना पटलं. धोका मात्र शून्य झाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कार-टी औषधांवर टी-पेशींच्याच कॅन्सरची शक्यता सांगणारा ठळक इशारा छापायला लावला. असं फार क्वचित घडतं, पण घडू शकतं. गुंफण कुठे होईल हे आपल्या हातात नाही. किती वेळा होईल हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि इथे इंजिनिअरचं काम सुरू होतं.

एका पेशीत किती?

समजा ताटलीत दहा लाख टी-पेशी आहेत आणि आपण त्यात दहा लाख कार्यक्षम विषाणूकण सोडले. प्रत्येक पेशीत एकेक जाईल का? जाणार नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये शंभर मुलं आणि शंभर गुलाबजाम ठेवून दिवे घालवले तर काय होईल, तेच इथे होतं. काहींना एकही मिळत नाही, काही जण तीन उडवतात. विषाणूला कुठली पेशी आधीच 'भरलेली' आहे हे ठाऊक नसतं. अशा आंधळ्या वाटपाचं गणित प्वासाँ वितरणाने करतात, जे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पेशीमागे सरासरी एम गुंफणी होत असतील, तर एकही गुंफण नसलेल्या पेशींचं प्रमाण 'ई चा उणे एम घात' इतकं येतं. एकच गुंफण असलेल्यांचं प्रमाण त्याला एमने गुणून मिळतं.

एम = १ घ्या. ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात, ३७ टक्क्यांत एक प्रत जाते आणि २६ टक्क्यांत दोन किंवा अधिक. म्हणजे एवढा विषाणू ओतूनही तिसऱ्या हिश्शाहून जास्त पेशी वाया. वाढवूया मग. एम = ३ केलं तर कोऱ्या पेशी फक्त ५ टक्के उरतात. बघायला उत्तम. पण ८० टक्के पेशींत दोन किंवा अधिक प्रती शिरल्या. गुंफणींची संख्या वाढली की त्यातली एखादी चुकीच्या जनुकाशेजारी पडण्याची शक्यताही वाढते.

नियंत्रकांचा साधारण दंडक असा आहे की जनुक शिरलेल्या पेशीमागे सरासरी प्रती ५ पेक्षा कमी असाव्यात. एम = ३ असताना शिरकाव झालेल्या पेशींची सरासरी येते सुमारे ३.२. म्हणजे नियमात बसलं. आता जरा सरासरीच्या आत डोकावून बघा. त्याच ताटलीतल्या १८ टक्क्यांहून जास्त पेशींत पाच किंवा अधिक प्रती आहेत, म्हणजे जवळजवळ दर साडेपाच पेशींमागे एकीत. अहवालावर ३.२ लिहिलं जाईल आणि ती प्रत्येक पाचवी-सहावी पेशी त्या आकड्यामागे लपून राहील. मला स्वतःला या विषयातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. सरासरी पास झाली म्हणून पेशी पास झाली असं होत नाही.

उलट टोकाला एम = ०.३ ठेवलं तर शिरकाव झालेल्या पेशींपैकी ८६ टक्क्यांत नेमकी एकच प्रत असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने फारच छान. पण एकूण पेशींपैकी ७४ टक्के कोऱ्या! रुग्णाच्या शिरेतून काढलेल्या मोजक्या पेशींपैकी तीन चतुर्थांश फुकट गेल्या तर औषधाची मात्रा कशी भरायची? बहुतेक ठिकाणी कार-टीचं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं, आणि नेमकं कुठे हे ठरवणं म्हणजे या क्षेत्रातल्या संशोधकाची नोकरी.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात प्वासाँलाही गुंगारा देणाऱ्या गोष्टी असतात. झोपलेली टी-पेशी विषाणूला सहसा दारच उघडत नाही. गुरांच्या विषाणूकडून घेतलेलं ते आवरण ज्या ग्राहकाला धरून आत शिरतं, तो कोलेस्टेरॉल घेण्याचा एलडीएल ग्राहक, आरामातल्या टी-पेशीवर अगदी कमी असतो. म्हणून आधी पेशींना सीडी३ आणि सीडी२८ या दोन खुणांवर प्रतिपिंडांनी टोचून जागं करतात आणि मग विषाणू सोडतात. त्यातून पेशी असतात रुग्णाच्या. किमोथेरपीच्या चार-चार फेऱ्या सोसलेल्या माणसाच्या टी-पेशी थकलेल्या असतात. निरोगी दात्याच्या पेशींवर बसवलेलं प्रमाण त्यांना लागू पडेलच असं नाही. एकाच विषाणूची तीच मात्रा एका रुग्णात ५० टक्के देते, दुसऱ्यात १५.

प्रयोगशाळेतला आठवडा

'व्हायरल व्हेक्टर सायंटिस्ट' अशी जाहिरात प्लेसमेंटच्या फळ्यावर लागली की मुलांच्या डोळ्यांपुढे काचेचा पोशाख आणि निळे दिवे येतात. खरं काम बरंचसं शेतकऱ्यासारखं आहे. एचईके२९३टी नावाच्या पेशी वाढवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नव्या ताटल्यांत विरळ लावायच्या, आणि रविवार आहे म्हणून त्या थांबत नाहीत. त्या तब्येतीत आल्या की चारही प्लाझ्मिडं ठरलेल्या प्रमाणात त्यांच्यात घालायची. पुढचे दोन-तीन दिवस त्या पेशी विषाणूचे कण बाहेरच्या द्रवात सोडत राहतात. तो द्रव गोळा करायचा, गाळायचा, सेंट्रिफ्यूजने किंवा क्रोमॅटोग्राफीने घट्ट करायचा आणि उणे ८० अंशांना गोठवायचा. दुसऱ्या पातळीच्या जैवसुरक्षेचे नियम पाळायचे, आणि सगळं लिहून ठेवायचं. किती वाजता, कुठल्या लॉटचं मीडियम, कोणाच्या हातून. लिहिलं नाही तर केलं नाही असंच समजतात.

मग मोजणी. विषाणू दिसत नाही. टी-पेशी सात ते दहा मायक्रॉनची, विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा. शिवाय तयार झालेल्या कणांपैकी बहुतांश रिकामे किंवा निकामी असतात, त्यामुळे प्रथिन मोजून आलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही. खरी मोजणी अशी करतात की विषाणू पायरीपायरीने पातळ करायचा, ठरावीक पेशींवर टाकायचा आणि तीन दिवसांनी किती टक्के पेशींवर कार उगवली ते फ्लो सायटोमीटरवर बघायचं. समजा १ लाख पेशी होत्या, हजारपट पातळ केलेला १ मिलिलिटर टाकला आणि १० टक्के पेशी उजळल्या. म्हणजे १० हजार यशस्वी शिरकाव; हजाराने गुणा, मिलिलिटरला १ कोटी. आता हुशार विद्यार्थी विचारेल की ५० टक्के उजळलेली पायरी का नाही घ्यायची, मोजायला सोपी? कारण तेच वरचं वितरण. टक्केवारी कमी असेल तरच एका उजळलेल्या पेशीमागे साधारण एकच कण असं धरता येतं. जास्त असेल तर दोन-दोन तीन-तीन कण शिरलेली पेशीही एकच मोजली जाते आणि विषाणू आहे त्यापेक्षा कमी भरतो. नंतर त्या चुकीच्या आकड्यावरून टी-पेशींना मात्रा दिली की ती ठरवल्यापेक्षा जास्त पडते. म्हणजे मोजणीतली ही चूक थेट एखाद्या रुग्णाच्या डीएनएमध्ये जाऊन बसते.

गिरणी आणि शिंपी

लोअर परळच्या गिरण्यांनी हजारो वार एकसारखं कापड काढलं. ठाण कुणासाठी विणलं हे साच्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सामान्य औषधाचा कारखानाही तसाच असतो. एका बॅचमध्ये लाखो गोळ्या, त्यातल्या काही तपासणीत फोडल्या तरी बिघडत नाही. कार-टी हे शिंप्याचं काम आहे. एक माणूस, एक माप, एक कपडा, आणि कापडही त्याच गिऱ्हाइकाचं. रुग्णाचं रक्त काही तास यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी पिशवीत घेतात, टी-पेशी वेगळ्या करतात, जाग्या करतात, विषाणू देतात आणि आठवडा-दीड आठवडा वाढवतात. अमेरिकेत ३० ऑगस्ट २०१७ रोजी मान्यता मिळालेलं पहिलं कार-टी औषध 'किमराया'. त्यात लिम्फोमाच्या प्रौढ रुग्णाची मात्रा ६ ते ६० कोटी कार-टी पेशी अशी आहे. १ कोटी पेशींत जनुक शिरलं असेल तर ६० कोटींना पोचायला सहा दुपटी लागतात. त्यानंतर निर्जंतुकता, प्रतींची संख्या, पेशींचा जिवंतपणा आणि नक्कल करू शकणारा विषाणू चुकून तयार झालेला नाही ना याची तपासणी. रुग्ण एक असो की हजार, दर वेळी सगळी तपासणी नव्याने. आणि एवढं करून बॅच बिघडली तर गोदामात दुसरी नसते. पलीकडे वाट बघणाऱ्या माणसाचा रोग तोवर थांबलेला नसतो.

किमरायाची सुरुवातीची किंमत ४,७५,००० डॉलर होती, हॉस्पिटलचा खर्च वेगळा. इतकी रक्कम का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. आणि ती कमी कुठे करता येईल, हेही.

आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने नेमकं तिथे हात घातला. ते २०१३ साली आयआयटीत आले. त्यांच्या विद्यार्थिनी अलका द्विवेदी आणि सहकाऱ्यांनी सीडी१९ ला चिकटणारा तुकडा, जो मूळचा उंदराच्या प्रतिपिंडातून आलेला होता, तो माणसाच्या प्रतिपिंडासारखा करून घेतला. त्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पेशी कॅन्सरपेशी तर मारत होत्याच, पण दाह वाढवणारे सायटोकाइन कमी सोडत होत्या. कार-टीचा सगळ्यात भीतिदायक दुष्परिणाम म्हणजे या सायटोकाइनचं वादळ, त्यामुळे ही गोष्ट महत्त्वाची. २०१८ मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी आयआयटीतून निघाली. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला कार-टी दिली गेली. टाटाच्या गौरव नरुला आणि हसमुख जैन या डॉक्टरांनी मुलांच्या आणि प्रौढांच्या चाचण्या सांभाळल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार१९' ला मान्यता दिली, १५ वर्षांवरील रुग्णांसाठी, बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमात, इतर उपचार हरल्यावर किंवा रोग उलटल्यावर. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत येऊन हा उपचार देशाला अर्पण केला.

किंमत अमेरिकेच्या साधारण एक दशांश. पेपरांनी 'भारतीय बुद्धिमत्तेचा चमत्कार' असे मथळे दिले. मला हा शब्द पटत नाही, कारण चमत्कार म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. विचारलं तर कळतं की बचत दोन-तीन अगदी रुक्ष ठिकाणी झाली. २०२४ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या वृत्तानुसार अमेरिकेत ५० रुग्णांपुरता लेंटिव्हायरल व्हेक्टर करायला ८ लाख डॉलर लागतात, म्हणजे माणशी १६ हजार डॉलर नुसत्या पार्सलगाडीचे. इथे तो वाहक त्यांनी स्वतःच बनवला. पेशी वाढवण्यासाठी महागड्या स्वयंचलित यंत्रांवर अवलंबून न राहता स्वस्त पद्धत बसवली. आणि पिशवी विमानाने परदेशी पाठवून परत आणण्याचा प्रश्नच उरला नाही.

परळला हे नवीन नाही, असं एक विषयांतर करू द्या. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था, टाटापासून हाकेच्या अंतरावर. त्यांना द्रवात जंतू भरघोस वाढवायचे होते. त्यासाठी त्यांनी चंबूतल्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्यांना धरून जंतूंच्या वाढीचे झुपके खाली लोंबत. तूप! बाजारात मिळणारं साधन घेऊन उत्पादन वाढवणं हे त्या काळीही संशोधनच होतं.

आता निकालांबद्दल, गुळगुळीत न करता. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हीमॅटॉलॉजी' मध्ये आलेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. ही सगळी दुसरे उपाय हरलेली माणसं होती हे लक्षात ठेवलं तर आकडा मोठा आहे. पण उपचाराशी संबंधित कारणांनी दोन रुग्ण दगावले, आणि प्रतिसाद मिळालेल्यांपैकी अनेकांत रोग पुन्हा परतला. एक दशांश किंमत म्हणजेही काही लाख रुपये नव्हेत, काही दशलक्ष. डिलाईल रोडच्या गावच्या खोलीत उतरलेल्या माणसाला ४ कोटी आणि ४० लाख यांत फरक काय? जमीन विकून ४ कोटी होत नाहीत. ४० लाखांसाठी मात्र विकायचा विचार होतो, ट्रस्टांचे उंबरठे झिजवले जातात, आणि घरात भांडणं होतात. किंमत आवाक्याच्या कडेला आली की निवड करण्याचं ओझंही घरात येतं. म्हणून इथे थांबून चालणार नाही. अजून एक शून्य कमी व्हायला हवं, आणि ते वाहकाच्या उत्पादनातून, कमी दिवसांच्या वाढीतून आणि स्वस्त तपासण्यांतून येईल. हे तिन्ही केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि बायोटेकच्या मुलांचे प्रश्न आहेत.

एक वाट अशीही आहे की पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. टी-पेशीच ओळखेल असं आवरण विषाणूला चढवायचं आणि तो थेट शिरेतून द्यायचा. पिशवी नाही, आठवडाभर वाढवणं नाही. शिंप्याचं काम पुन्हा गिरणीचं होईल, एकच बाटली सगळ्यांना. २०२५ मध्ये चीनमधल्या चार मायलोमा रुग्णांवरचे असे निष्कर्ष 'लॅन्सेट' मध्ये आले. फक्त चार, त्यामुळे नाचायची घाई नको. ताटलीत आपण पेशी मोजून घेतो, विषाणू मोजून टाकतो आणि शिरेत सोडण्याआधी प्रती तपासतो. तपासणीत नापास झालं तर पिशवी बाजूला ठेवता येते. शरीरात सोडलेला विषाणू परत काढून घेता येत नाही.

ज्यांना हात साफ करायचा आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण. एम = ०.७ धरा आणि कोऱ्या, एक प्रत असलेल्या व त्याहून अधिक प्रती असलेल्या पेशींची टक्केवारी काढा. मग फक्त शिरकाव झालेल्या पेशी घेऊन त्यांची सरासरी काढा. उत्तरं अनुक्रमे ५०, ३५ आणि १५ टक्क्यांच्या आसपास आणि सरासरी सुमारे १.४ यायला हवी. येत नसेल तर छेदात कोऱ्या पेशी राहून गेल्या आहेत का ते आधी बघा.